पडद्यामागची उत्तरं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाइनं करतो आणि उरलेल्या वेळात गेम बनवतो. हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझं वय विचारतात. म्हणून आमची एक साइट होती. हौसेनं गेम बनवणारे मराठी लोक अडलं की तिथं विचारायचे, ज्याला येतं तो सांगायचा. उत्तर मात्र पडद्याआड असायचं. पडद्यावर लिहिलेलं, ‘आधी स्वतः करून बघा’. त्यावर क्लिक केलं की पडदा सरकायचा. ही कल्पना आमच्यातल्याच, करकंब गावच्या ताईची. ती झेरॉक्सचं दुकान चालवते आणि हट्टीपणात आम्हा सगळ्यांना भारी पडते.

ताईच्या वडिलांची नजर गेली आहे. त्यांच्यासाठी ती नुसत्या आवाजावर खेळायचा गेम करत होती. गाय कुठल्या बाजूला हंबरतेय ते कानानं ओळखायचं आणि तिला गोठ्यात आणायचं. पण आवाज डावीउजवीकडे नीट सरकेना, म्हणून तिनं साइटवर विचारलं. इतरांना उत्तरं देणाऱ्या ताईचा तिथला तो एकुलता एक प्रश्न. आमच्यातल्या एका जाणत्या काकांनी लांबलचक उत्तर लिहिलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. ताईनं पडदा उघडलाच नाही. आधी स्वतः करून बघते म्हणाली.

मग साइट चालवणाऱ्यानं ती बंद करतोय असं जाहीर केलं. सगळं जतन करायचं काम मी अंगावर घेतलं. एक प्रोग्रॅम लावून पानं उतरवली, सगळ्यांना पाठवली, शाबासकीही मिळवली.

शेवटच्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. करकंबला सकाळपासून नेट नव्हतं, म्हणून ती मी पाठवलेली प्रतच चाळत बसली होती.

‘‘दादा, एक पडदा उघडून बघा की. मागं काय न्हाय.’’

बघितलं. खरंच काही नव्हतं. पडद्यावर क्लिक केल्यावरच उत्तर साइटवरून यायचं, आणि माझ्या प्रोग्रॅमनं क्लिक केलंच नव्हतं. सगळे प्रश्न माझ्याकडे होते आणि प्रत्येकाखाली तेच शहाणपण, ‘आधी स्वतः करून बघा’. साइट संध्याकाळपर्यंतच चालू राहणार होती.

ताई म्हणाली, नव्या लोकांच्या प्रश्नांपासून सुरू करा, माझं शेवटी. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं आणि सगळे एकदम साइटवर तुटून पडले. जो तो आपापलं जुनं उत्तर उघडायला धावला, जे त्याला केव्हाच पाठ झालं होतं. मला त्यांचा संताप आला. साइट गुदमरली. ताईचं न ऐकता मी तिचंच पान उघडलं आणि पडद्यावर क्लिक केलं. चक्र गोल फिरत राहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा. पलीकडे माग खडखडत होते, मालक हाका मारत होता, मी मान वर केली नाही. इथून उठून दुसरं काही वाचवावं असं सारखं वाटत होतं, पण आता येईल, आता येईल म्हणत तिथंच चिकटून राहिलो. मला रडू येत होतं. संध्याकाळी पान पांढरं झालं.

मी ताईला फोन केला.

‘‘नव्यांचं किती वाचलं?’’ तिनं आधी हेच विचारलं.

‘‘माझ्याकडून एकही नाही. तुमचंच उघडत बसलो होतो.’’

‘‘मग माझं आलं?’’

‘‘नाही.’’

फोनमध्ये मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, गाय कवा बोलायची म्हणून विचारत होते.

‘‘करतीया की, आण्णा,’’ ती म्हणाली.