बोटीनं गेलेला हापूस

वर विमानाची घरघर ऐकू आली की बोटवाले काका हातातला आंबा खाली ठेवत आणि आभाळाकडे बघून म्हणत, "चालले लाडोबा." अर्धा जन्म मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस. पूर्णगडला परतून बाग बघू लागले, पण आपला हापूस विमानानं परदेशी जातो हे त्यांना सोसायचं नाही. "लंडनात कोण अत्यवस्थ आहे गो? आंबा म्हणजे काय सलाईन आहे?" असं मला विचारायचे, जसं काही ते विमान मीच सोडलं होतं.

त्यांच्या शेडमध्ये आंबे निवडायचं काम माझ्याकडे. अवकाळी पाऊस येऊन मोहोर काळा पडला की काका दिवसभर धुमसत. "वर एवढा धूर सोडायचा, नि खाली मोहोर का गेला म्हणून ऊर बडवायचा. तोच आंबा बोटीनं गेला तर धूर कितीतरी कमी." परदेशी माल पाठवणारा व्यापारी हसायचा. दोन हंगाम त्याच्या मागे लागून काकांनी एक कंटेनर बोटीनं पाठवायला त्याला राजी केलं. हा नीट पोचला तर पुढचा सगळा माल बोटीनं, नाहीतर विषय बंद.

आमच्याकडे आंब्याची तयारी अजून आण्यांत सांगतात. झाडावर पुरता तयार तो सोळा आणे. विमानाला चौदा आणे चालतो. "बोटीला बाराच घे हां बाय," काकांनी चारचारदा बजावलं. "तीन आठवडे काढायचेत त्याला." मी मान डोलावली आणि चौदा आणेच भरले. बारा आण्यांचा आंबा पिकला तरी फिकाच लागतो. असला माल रत्नागिरीच्या नावावर, आणि तोही माझ्या हातून? मेलं शहाणपण नडलं. तिकडे कंटेनर उघडला तेव्हा बहुतेक आंबा पिकून सडलेला होता.

काकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं मी मनाला समजावते. खोटं आहे ते.

पुढच्या हंगामात मालगुंडचे दोन बागायतदार बोटीची चौकशी करायला आले. "ते खूळ सोडा," काका म्हणाले. "हापूसला समुद्र सोसत नाही. माझीच चूक झाली. विमानानंच पाठवा." मी चार हातांवर क्रेट रचत होते. माझं तोंड उघडलं नाही.

त्याच पावसाळ्यात काका गेले. आता कुणी बोटीचं नाव काढलं की लोक म्हणतात, खुद्द बोटवाले काका सांगून गेलेत, आंबा विमानानंच पाठवा.