जागृती म्हात्रेची मशीन कोणी बंद केली

दसऱ्याला तुम्ही स्वतःच्या हाताने मशीन बंद केलीत, तिला हार घातलात आणि नंतर ती चालेना, तर नोकरी कोणाची जायला हवी? उत्तर घाईने देऊ नका. कोपरीतल्या आपल्या ट्रस्टच्या रक्तपेढीने ते फार घाईने दिलंय, म्हणून मला लिहायला बसावं लागलं.

जागृती म्हात्रे डोंबिवलीची. वडील, म्हणजे आबा, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. आता घरी असतात आणि खोकतात. ही रक्तपेढीत आली ती रक्तदात्यांची नावं टाइप करायला. सर्व्हर बसवणारे आले की त्यांच्या मागे उभी राहून बघायची, घरी मोबाइलवर वाचायची, दुसऱ्या दिवशी त्यांनाच अडवायची. हळूहळू त्या लोकांनी यायचं बंद केलं आणि सगळं हिच्या गळ्यात आलं. पद मात्र ऑपरेटरचंच, तेही एजन्सीमार्फत. आबा रोज विचारतात, "तुझी मशीन जेवली का?" ही म्हणते, "ती जेवली. आता मला वाढा."

ही मशीन काय आहे ते आधी समजून घ्या. कपाटाएवढ्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात तीन कॉम्प्युटर आहेत, सॉफ्टवेअरचे. एक दात्यांचा, एक तपासणीच्या रिपोर्टचा, एक काउंटरचा. ते एकमेकांशी बोलतात एका स्विचमधून, आणि तो स्विचही सॉफ्टवेअरचाच, हातात धरता येत नाही. तो चालायला एक तुकडा मशीनच्या अगदी गाभ्यात बसवावा लागतो. गाभा म्हणजे कर्नल, तुकडा म्हणजे मॉड्यूल. जागृतीच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल मापाच्या ब्लाउजसारखं. अंग बदललं की जुना चढत नाही, नवा शिवावा लागतो.

उन्हाळ्यात अपडेटमधून नवा कर्नल येऊन पडलेला. मशीन कधी बंदच होत नाही, म्हणून चालत होता जुनाच. जागृतीला हे माहीत होतं. तिने ट्रस्टी श्रीपादरावांकडे मागणी केली की एखाद्या रविवारी थोडा वेळ मशीन बंद ठेवू द्या, नवीन मॉड्यूल बसवून बघते. श्रीपादराव निवृत्त प्राध्यापक, बोलणं इस्त्री केलेलं. म्हणाले, "अगं, ही रक्तपेढी आहे. बंद कशी ठेवणार?" तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. पुढे डिस्क भरली म्हणून एजन्सीच्या कोणीतरी बाहेरून लॉगिन करून जुन्या कर्नलच्या फाइली उडवल्या, म्हणजे मशीन एकदा बंद झाली की उठणार ती नव्यावरच. हिला सांगितलंही नाही.

मग दसरा आला. दरवर्षी मशीन चालू ठेवूनच हळदकुंकू लावायचे. यंदा श्रीपादरावांना पूजा शास्त्राप्रमाणे हवी होती.

"काका, चालूच राहू दे ना," जागृती म्हणाली.

"चालत्या यंत्राची पूजा करत नाहीत. वर्षातून एकदा त्यालाही विश्रांती हवी."

"ही झोपली की परत उठेल याची खात्री नाही, काका."

"सणाच्या दिवशी असं बोलू नये."

आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं, भरल्या खोलीत. आजूबाजूचे दुकानदार होते, दाते होते, दाराबाहेरही माणसं उभी होती. आरती झाली, आपट्याची पानं वाटली, मशीन चालू केली. ती उठली, पण नव्या कर्नलने. जुन्या मापाचं मॉड्यूल बसेना, स्विच बंद, आणि पोटातले तिन्ही कॉम्प्युटर मुके.

हे पूजेचं मी जागृतीकडून ऐकलेलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. लोकांच्या दवाखान्याच्या धावपळीत मी असतो, म्हणून मला बोलावलं दगडूने. दगडू कल्याणचा रिक्षावाला, बायको कलावती ऑपरेशनच्या टेबलावर. फोनवर म्हणाला, "भाऊ, पिशवी काचेतून दिसतेय. पण देत नाहीत. रिपोर्ट उघडत नाही म्हणतात."

रिपोर्ट बघितल्याशिवाय पिशवी द्यायची नाही हा नियम बरोबर आहे, त्यावर मी भांडलो नाही. दगडूला कलावतीच्या रक्ताचं सॅम्पल देऊन माजिवड्याच्या पेढीत पिटाळलं आणि आत गेलो. जागृती जमिनीवर बसलेली. मशीनवर झेंडू तसाच.

"किती वेळ?" मी विचारलं.

"भाऊ, नवीन मॉड्यूल शिवायचं तर कर्नलच्या हेडर फाइली लागतात, म्हणजे त्याचं माप. त्या नेटवरून येतात. आणि नेट येतं त्याच स्विचमधून."

"म्हणजे विहिरीत उतरायची शिडी विहिरीतच."

"तुम्ही गप्प बसाल का?"

जिन्यात रेंज येते, तिथे उभी राहून तिने फाइली मोबाइलवर उतरवल्या आणि केबलने मशीनमध्ये घातल्या. मॉड्यूल तयार झालं. मशीनने ते घेतलं नाही. डिजिटल सहीशिवायचं मॉड्यूल नको, असं कुलूप कोणीतरी लावून ठेवलेलं. एजन्सीला फोन लावला. सुट्टी. तिथल्याच दुसऱ्या माणसाला लावला, तो घोडबंदरला सोसायटीच्या सोन्याच्या पानांमध्ये गुंतलेला. कोणाच्या तरी नावाने शिवी घालावी असं मला वाटलं, पण हिचे ओठ पांढरे पडलेले.

तिने स्वतःच किल्ली बनवली, मॉड्यूलवर सही केली, मशीन पुन्हा चालू केली. आता निळा पडदा येणार होता. त्यावर लगेच बटण दाबून ती किल्ली मंजूर करायची. उशीर झाला तर पडदा निघून जातो आणि सगळं पहिल्यापासून.

पडदा आला, तेवढ्यात दारात श्रीपादराव. "जागृती, बाहेर लोक मला विचारतायत. काय उत्तर देऊ?"

"काका, एक मिनिट."

"माझ्याकडे बघून बोल. मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे."

तिने वळून बघितलं. घरात आबांशी तोंड फिरवून बोलायची सवय नसलेली पोरगी ती. परत मान वळवेपर्यंत पडदा गेलेला. ती रडली नाही. भिंतीला डोकं टेकून बसली आणि म्हणाली, "यांना बाहेर न्या, भाऊ." मी श्रीपादरावांना बाहेर नेलं. हळू नेलं नाही, हेही सांगतो.

सगळं तिने परत केलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा काउंटरवर पहिला रिपोर्ट उघडला. दगडू तोवर माजिवड्याहून ट्रॅफिकमधून रक्त घेऊन हॉस्पिटलला पोचलेला. कलावती वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

हे वाक्य ट्रस्टला फार झोंबलं. जागृतीला कळवण्यात आलंय की तिने परवानगी न घेता कर्नल बदलला, मशीन बिघडवली, रुग्णाचा जीव धोक्यात घातला. सोमवारी चौकशी. हा शिक्का घेऊन तिला ठाण्यात कुठलं हॉस्पिटल सर्व्हरजवळ उभं करेल? आणि मशीन बंद कोणी केली, तर म्हणे, तिची ती बंद पडली.

तिचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. श्रीपादराव नाही म्हणाले तेव्हा तिने लेखी देऊन अडून बसायला हवं होतं. पण दुरुस्तीसाठी जी मशीन रविवारीसुद्धा बंद करता येत नव्हती, ती हारासाठी बंद झाली. ते बघणारी माणसं आहेत. झाडू मारणारी मालन होती. ती मला म्हणाली, "बघितलं हो भाऊ, पण मीही त्याच एजन्सीची. माझं तोंड उघडलं की माझा झाडू गेला." तिच्यावर मी जोर करणार नाही. जागृती तर आता फोनही उचलत नाही. आबा उचलतात आणि म्हणतात, झोपलीय. भरदुपारी.

मी तिथे नव्हतो, माझी साक्ष चालणार नाही. तुम्ही दुकानदार, तुम्ही दाते पूजेला होतात. आरतीला टाळ्या वाजवल्यात, पेढा खाल्लात, बटण दाबणारा हात बघितलात. सोमवारी सकाळी रक्तपेढीच्या ऑफिसात या आणि तो हात कोणाचा होता ते त्यांच्यासमोर सांगा.