टोपी हलवणारे कासमभाई

कासमभाई निरोप द्यायचे तो हसत हसत, डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवत. कुणी सुट्टीवर गावी निघो की नोकरी सोडून कायमचा, गाडी वळली की हे पाठ फिरवून चालू लागायचे. "जाणारा जातोच रे कांबळे," मला म्हणायचे. "टोपी हलवायची, हसायचं, खलास."

हे ते एका सिनेमातून शिकले होते. दापोलीकडचा हा माणूस बहरीनमध्ये, मनामात आमच्या कंपनीचं गोदाम सांभाळायचा. पाच वेळचा नमाजी, आणि एका जुन्या काळ्यापांढऱ्या हॉलिवूड सिनेमाचा वेडा. टीव्हीवर लागला तेव्हा त्यांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता. पियानो दुरुस्त करणारा तो आणि टोप्या शिवणारी ती. लग्न होतं, भांडणं होतात, शेवटी ती बोटीने निघते आणि तो धक्क्यावर हसत टोपी हलवतो. दर शुक्रवारी जेवणं उरकली की आम्ही तो बघायचो. इंग्रजी निम्मंच कळायचं, पण नवराबायकोचं भांडण कळायला भाषा कशाला लागते? कितव्यांदाही बघा, त्याच जागी हसू यायचं. "आणि टायमिंग बघ," कासमभाई कौतुकाने सांगायचे, "दिवस मावळला, मगरीबची अजान लागली नि नेमका तेव्हाच सिनेमा संपला. मशीन बंद करून मी नमाजला गेलो."

त्यांच्या बायकोला, खैरूनभाभींना, तो शेवट मुळीच पटत नसे. "हा काय शेवट म्हणायचा?" त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या. "एवढं भांडले, त्याचं काहीतरी व्हायला नको?"

भाभींना दिवसभर बंद खोलीत करमेना. एसीच्या घरघरीशिवाय सोबत नाही. एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि त्या गावी जायला निघाल्या. सामान उचलायला मी विमानतळावर गेलो होतो. वाटलं, आता तरी हा माणूस 'थांब' म्हणेल. भाभी आत शिरताना वळून वळून बघत होत्या. आणि कासमभाई? हसत टोपी हलवत होते! मी हादरलोच. "चल, यल्ला," म्हणत त्यांनी मला टॅक्सीत बसवलं. त्यानंतर घरखर्च वेळेवर जायचा, पण पत्र नाही, फोन नाही.

काही वर्षांनी बाजारातल्या बाब अल बहरीन कमानीच्या मागच्या गल्लीत, एका कॅसेटच्या दुकानात, मला तोच सिनेमा विकत मिळाला. त्यांची कॅसेट घासून पार खराब झाली होती, म्हणून ही नवी मी ईदला भेट दिली. शुक्रवारी लावली. बोट सुटली, टोपी हलली, कासमभाई सवयीने मशीन बंद करायला उठले. तेवढ्यात पडद्यावरचा तो मागे वळला. मागे ती आपल्या पेटीवर बसून सफरचंद खात होती. बोटीत चढलीच नव्हती!

कासमभाई उभ्याचे उभेच राहिले. "हे कुठनं आलं?" त्यांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तेच, सफरचंदासकट. अजान लागली म्हणून यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, आणि सिनेमा अजानीनंतर पुढे चालूच राहिला होता.

"म्हणजे मी अर्ध्यावरनं उठलो," ते पुटपुटले. "नि तेच धरून बसलो."

चपला घालून ते तडक फोनबूथकडे निघाले, मी मागोमाग. गावातल्या दुकानात फोन लावला, भाभींना बोलावून घेतलं. "खैरून, त्या दिवशी मी थांब म्हटलं असतं, तर थांबली असतीस?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. कासमभाई मात्र काचेला टेकले. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "ती परत बाहेर आलेली रे. पासपोर्टच्या रांगेतनं. आपली टॅक्सी गेलेली."

त्या टॅक्सीत मीही होतो.

मग ते फोनमध्ये ओरडलेच, "तिथंच बस! मी येतो!"

राजीनामा देऊन ते कायमचे निघाले तेव्हा मी पोचवायला गेलो. या वेळी टोपी डोक्यावरच राहिली. नुसती मान हलवून ते आत गेले. मी जागचा हललो नाही. खूप वेळाने काचेचं दार ढकलून कासमभाई धापा टाकत बाहेर आले.

"काय झालं? काही राहिलं का?" मी घाबरून विचारलं.

"काय नाय," ते म्हणाले. "बघायला आलो, हायस की गेलास."