थोरल्या डिस्कचं खरं

अकोल्याला माझ्या थोरल्या भावाचा लग्नाचे व्हिडिओ काढायचा स्टुडिओ आहे. आमच्या घरात दादा म्हणेल ते खरं. तो चुकला तर तसं त्याला सांगायची पद्धत नाही, गुपचूप निस्तरायची पद्धत आहे. मी धाकटी. अमरावतीच्या एका कॉलेजातले सर्व्हर सांभाळते, त्यामुळे निस्तरण्यात माझा हात बसलेला आहे.

त्याच्या कॉम्प्युटरला दोन डिस्कची जोडी मीच लावून दिली होती. एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर. महिन्यातून एकदा कॉम्प्युटर आपणहून दोन्ही ताडून पाहायचा. पण तेव्हा काम जरा हळू चाले, म्हणून दादाने ऐन लग्नसराईत ती तपासणीच बंद करून टाकली. ती पुन्हा सुरू करणं कोणाच्या लक्षात राहतं?

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. आई मांडे करतानाचा व्हिडिओ एकदा नीट चालायचा, एकदा नुसते रंगीत चौकोन दाखवायचा. आईचे हात आता थरथरतात. कणकेचा गोळा हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा, हे तिच्याने होत नाही. ती ते करत असतानाचं तेवढं एकच चित्रण आमच्याकडे होतं.

दुसऱ्याच दिवशी अकोला गाठलं. तपासणी लावली, तर दोन्ही डिस्क जागोजागी वेगळं बोलत होत्या.

"मंग कर न दुरुस्त," दादा म्हणाला. "काहून थांबून राह्यली?"

"हे दुरुस्ती खरं-खोटं नाई पाहत, दादा. पह्यल्या डिस्कवरचं उचलते अन् दुसरीवर लिहिते. पह्यलीच बिघडली असन त?"

"पह्यली काहून बिघडन? मोठी हाय थे."

म्हणजे कॉम्प्युटरचा आणि आमच्या घराचा कायदा एकच निघाला. मी मुकाट्याने जोडी सोडवली आणि एकेक डिस्क वेगळी लावली, तिच्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही अशा बेताने. थोरलीवर आईने मांडा हातावर घेतला आणि चौकोनच चौकोन. धाकटीवर तोच मांडा गरगर फिरला, पसरला, खापरावर जाऊन बसला. मला रडूच आलं. डोळे दादाचेही भरले होते, पण पडलो तरी नाक वर.

"केबल सैल असन," तो म्हणाला. "डिस्क चांगलीच हाय."

केबल खरंच सैल होती. ती बदलली, बाकीचे व्हिडिओ चाळून पाहिले आणि धाकटीवरचं सगळं थोरलीवर नव्याने उतरवलं.

संध्याकाळी आईला समोर बसवून व्हिडिओ लावला. ती एकटक पाहत होती. तिचे थरथरते हात मांडीवरून हळूहळू वर आले आणि पडद्यावरच्या हातांबरोबर हवेतच फिरू लागले. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत राहिलो. पडद्यावर मांडा खापरावर पडला, तसे तिने हात खाली घेतले.

"कनिक घट झालती त्या दिवशी," ती म्हणाली. "दिवसभर दुरुस्त करून राह्यले होते, मंग थे काहून नाई केलं?"

दादाने व्हिडिओ थांबवला.

"उद्या सकाळी मऊ कनिक भिजवा. मी सांगन तसं करा," आई म्हणाली. "दोघंही शिका. एकाचं बिघडलं त दुसऱ्याजवळ राहीन."