सातवी मॅच

आमच्या पारगावच्या पट्ट्यात हंगाम म्हटलं की उसाचा. कारखान्याचा भोंगा वाजला की सुरू, शेवटची मोळी आत गेली की बंद. दुसराच एखादा हंगाम आपल्या घरात शिरेल आणि आपल्यालाच पिळून काढेल, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. तो रशियातल्या आइस हॉकीचा.

पोरगा तिकडं डॉक्टरकी शिकायला गेला होता. पहिल्याच थंडीत त्यानं स्टेडियममधून व्हिडिओ पाठवला. "नाना, आपल्या घाटावर असती ना, तशी गर्दी हाय बघा!" मी बैलगाडा शर्यतींचा निवेदक. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घाटांवर, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्ट्यांवर, तीस वर्षं माइक धरलेला. पोराला वाटलं, बापाला आवडेल. आवडलंच. रबराची एवढीशी काळी चकती आणि तिच्यामागं बर्फावरून जीव टाकून पळणारे दहा गडी. त्या शहराच्या टीमला मी 'आपली' म्हणायला लागलो.

खरं सांगायचं तर खेळाचं कौतुक बेतानंच होतं. बाप-लेकानं फोनवर बोलायचं काय, हा खरा प्रश्न. 'जेवला का? थंडी लई हाय का?' एवढं झालं की दोघंही गप्प. हॉकी आली आणि फोन वीस-वीस मिनिटं चालू लागला. मॅच आपल्याकडच्या साडेपाचला, नेमकी धारेच्या वेळेला. बायको गोठ्यातून ओरडायची, "अवं, म्हशीला पेंड घालताय, का बरफच बघत बसताय?" पण फोन लागला की हात पदराला पुसत तीच आधी शेजारी येऊन बसायची.

गेल्या वर्षी तो शिकून मोकळा झाला आणि तिथंच दवाखान्यात लागला. या हंगामात त्याची उत्तरं आखूड व्हायला लागली. काही सांगा, 'हो नाना, बघितली मॅच.' 'व्हय' कधी गेलं आणि 'हो' कधी आलं, तेही कळलं नाही.

डिसेंबरात आपली टीम एकदा सपाटून हरली. मी मुद्दाम म्हणालो, "काल काय जिंकलो रं आपण!"

"हो ना! शेवटचा गोल तर एकदम भारी."

शेवटचा गोल आपल्यावरच झाला होता. बापाचं मन मोडू नये म्हणून म्हणाला असेल, अशी मी माझी समजूत काढली. पुढच्या वेळी सांगितलं, गोलकीपरचा पाय मोडला. "हो, वाईट झालं बिचाऱ्याचं," तो म्हणाला. गोलकीपर दुसऱ्या दिवशी धडधाकट उभा होता.

तीस वर्षांत मी माइकवरून खोटा सेकंद सांगितला नाही. गाडा भावकीचा असो की पुढाऱ्याचा, घड्याळात चौदा म्हणजे चौदा. लोक म्हणायचे, "घड्याळ चुकंल राव, पण नाना न्हाई चुकायचं." आणि आयुष्यातला पहिला खोटा निकाल दिला तो पोटच्या पोराला. मला भयंकर राग आला. मी इथं भाषा कळत नसताना मॅच बघून मुद्दे काढून ठेवायचे, आणि यानं तिकडून नुसते हुंकार भरायचे! पण सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

मार्चमध्ये बाद सामने सुरू झाले आणि आपली टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली. कारखानाही त्याच आठवड्यात बंद झाला. मी ठरवलं, आता त्याचा फोन येईपर्यंत आपण करायचा नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. फोन काही वाजला नाही.

"अवं, मॅच न्हाई का आज?" बायकोनं विचारलं. तिच्या लेखी मॅच म्हणजे पोराचा आवाज.

मी फोन लावला. "जिंकलो रं! दुसऱ्या फेरीत गेलो."

"अरे वा! बघितली, नाना."

बायको हसली. त्या हसण्यापायी मी पुढचा सगळा हंगाम घरात बसून रचला. गोल केले, मारामाऱ्या लावल्या, जादा वेळेत सामने नेले. खोट्याच्या कपाळी गोटा, असं मी घाटावर उठसूट म्हणायचो. आता माझ्याच कपाळी आला. ज्या शहरात तो राहतो, तिथली टीम कधीच घरी बसलीय, हे त्याच्या गावीही नाही. बापाला बरं वाटावं म्हणून तो खोटं बोलतो, असं म्हणावं, तर एकदा तरी 'आई कशी आहे' म्हणून आपणहून विचारलं असतं.

शेवटी टीमला फायनलपर्यंत नेलं. सातातल्या चार मॅच जिंकेल त्याचा चषक. सहा झाल्या, तीन-तीन. सातवी खेळवली की हंगाम संपला, मग पोराला फोन कशाचा करायचा? बायको रोज विचारते, सातवी कधी? म्हणून परवा तिच्यादेखत त्याला सांगून टाकलं की, स्टेडियममधला बर्फ वितळला, मॅच पुढं ढकलली.

"हो नाना," तो म्हणाला, "मी तिथंच होतो."