अकरा दिवसांची निळी ज्योत

रंगनाथ गेल्याचं कळलं तेव्हा मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत हात बांधून बसलो होतो. दुष्काळानं ऊसच नव्हता, गळीत बंद, तपासायला रस नाही. शिपाई दारातूनच म्हणाला, "साहेब, रंगनाथसाहेब गेलं... सकाळी छातीत दुखतंय म्हनत हुते." त्याला दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नाही.

श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघं केमिस्ट. पाळी संपली की प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात रंगनाथचं खूळ सुरू व्हायचं. साखर काढून उरलेल्या मळीपासून काढलेलं स्पिरिट वाफेबरोबर तापलेल्या नळीतून सोडायचं. नळीत कौलाच्या चुऱ्यावर चढवलेली निकेलची पूड. ही पूड स्वतः खर्ची न पडता स्पिरिटचा गॅस करते, म्हणून तिला उत्प्रेरक म्हणायचं. तो गॅस धुराशिवाय जळतो. कौसल्यावहिनींचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, डोळे चुलीच्या धुरानं कायम लाल असायचे. हे वेड त्यातूनच आलेलं. "अरे, सरळ स्पिरिटच जाळ की," मी चिडवायचो. "चुलीपर्यंत पोचेल का ते? वाटेतच घशात जाईल," असं म्हणून तो हसायचा.

पण पूड दोन-चार तासांत मरायची. दर खेपेला. सहा वर्षं तो स्वतःच्या हातालाच दोष देत राहिला, पुन्हा पूड भाजत राहिला. "तुझ्या हाताला यशच नाही," असं मीही एकदा बोलून गेलो. आज वाटतं, जीभ झडायला हवी होती माझी.

गेल्या उन्हाळ्यात मळी संपली, तेव्हा त्यानं घरातला गूळ आंबवून थोडं स्पिरिट काढलं. नळीच्या टोकाला निळी ज्योत पेटली. दुसऱ्या दिवशीही पेटली, तिसऱ्याही... अशी रोज तासभर, त्याच पुडीवर अकरा दिवस. मी टाळ्या पिटल्या. तो मात्र ज्योतीकडे बघत म्हणाला, "हात नव्हता रे माझा... गंधक होतं." साखर पांढरी व्हावी म्हणून आम्ही रसाला गंधकाचा धूर देतो. तेच गंधक मळीतून स्पिरिटमध्ये उतरून पुडीला मारत होतं; गुळात ते नव्हतं. सहा वर्षं रोज त्या धुरात खोकत आम्ही कामाला गेलो, आणि म्हणे दोघंही केमिस्ट!

"मग गुळावर चालव," मी म्हणालो. समोरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडणाऱ्या बायका सरकारी सुकडीसाठी, त्या मूठभर गोड पिठासाठी, रांगेत उभ्या होत्या. "लोक सुकडीवर जगतायत आणि मी गूळ जाळू?" असं म्हणून त्यानं नळी विझवली. जाताना बजावलं, "हिला सांगू नकोस. पेटतंय म्हटलं तर वाट बघत बसेल."

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली फुंकणी चांगली दीड हात लांब. धूर तोंडावर येऊ नये म्हणून रंगनाथनं मोडक्या पितळी नळीची करून दिलेली. त्याच्या साऱ्या खटाटोपातलं तेवढंच काय ते स्वयंपाकघरात पोचलं.

चहा देताना वहिनींनी विचारलं, "भावजी, खरं सांगा. यांचं त्ये येकदा तरी पेटलं का वो?"

"नाही, वहिनी."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्या लई बोलले हुते त्यास्नी त्या नळीपायी. पेटलं असतं, तर त्ये बोललेलं मला जन्मभर खात बसलं असतं."

वहिनींना वाचता येत नाही, म्हणूनच हे छापायला देतो आहे. ज्यांना येतं, त्यांनी कृपा करून त्यांना हे वाचून दाखवू नये.