आधी रेघ मार

माझं एम.फार्मचं अख्खं एक प्रॅक्टिकल एका निरक्षर बाईने रद्द करायला लावलं होतं.

ती बाई आज सकाळी गेली.

शेवंता मावशी. आमच्या फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसची अटेंडंट. गाव भीमपूरकडचं, अगदी मराठी-तेलुगू बॉर्डरवरचं. आमच्या गाइड मॅडम तेलुगू. मावशी मॅडमशी तेलुगूत बोलायची आणि उंदरांशी मराठीत.

उंदरांना ती 'पाव्हणे' म्हणायची. "पाव्हण्याइले पाणी देल्लं का?" हा तिचा गुड मॉर्निंग.

माझा विषय होता निर्गुडी. आमच्या गावी, बोथला, शेताच्या बांधावर उगवते तीच. पाय मुरगळला की आई तिचाच पाला गरम करून बांधते. मला ते सायन्सने सिद्ध करायचं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर आईला जिंकवायचं होतं.

पद्धत सोपी. उंदराच्या मागच्या पायात इंजेक्शन देऊन सूज आणायची. काहींना औषध द्यायचं, काहींना नाही. मग दर तासाला तो पाय पाण्याच्या नळीत बुडवायचा. पाणी जेवढं वर चढलं, तेवढा पाय सुजलेला.

सगळा खेळ घोट्यावरच्या रेघेचा. मार्करने रेघ मारायची आणि पाय दर वेळी बरोब्बर तिथपर्यंतच बुडवायचा. केसभर वर-खाली झालं की आकडा बदलला.

औषध मी द्यायची, म्हणून पाय बुडवायचं काम मॅडमनी मला कधीच दिलं नाही. ते मावशीचं. पिंजऱ्यावरची कार्डं तिला वाचता यायची नाहीत, त्यामुळे कोणाला औषध दिलंय हे तिला कळायचंच नाही.

"म्हून तं माहं माप खरं," असं ती नवीन पोरांना ऐकवायची. कॉलर नव्हती म्हणून, नाहीतर ताठ केली असती.

त्या दिवशी दुसऱ्या तासाचं रीडिंग चालू होतं. आकडे असे सुंदर येत होते की मला राहवलं नाही.

"मावशी, हे सहा आपल्या औषधाचे आहेत. पाह्य ना, कशी सूज उतरून राह्यली!"

मावशीने हातातला उंदीर हळूच पिंजऱ्यात ठेवला. हात पुसले.

"काऊन सांगतलं मले?"

मी हसले. म्हटलं, काय झालं त्यात?

"आता माह्या हाताले ठाऊक झालं ना! तुह्या औषधाचा पाय आला का हात थोडा वरच थांबन. मी नाई म्हनलं तरी थांबन."

सबमिशन डोक्यावर होतं. मी अक्षरशः हातापाया पडले. कोणाला कळणार आहे मावशी, दोनच तास राहिलेत, मीही कोणाला सांगणार नाही.

ती पिंजऱ्याकडे बघत होती.

"या पाव्हण्याइले आपन दुखू देल्लं. खऱ्यासाठी दुखू देल्लं ना? तुनं ते फुकट घालवलं. आता मॅडमले तू सांगतं का मी सांगू?"

मीच सांगितलं. मॅडमनी त्या दिवसाच्या पानावर आडवी काट मारली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. माझं सबमिशन पुढच्या बॅचबरोबर गेलं आणि मी पंधरा दिवस मावशीशी धड बोलले नाही. तिने मात्र रोज मला डब्यातली ज्वारीची भाकर दिली. मी ती रागारागाने खाल्ली.

दुसऱ्या वेळी निर्गुडी चालली, पण माझ्या मनात होती तेवढी नाही. आई जिंकली, पण थोडक्यासाठी.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पाय कोण बुडवत होतं? त्यांना ग्रुप माहीत होते?"

"नाही सर."

ते 'नाही' मी ज्या आवाजात म्हटलं, तसं आयुष्यात पुन्हा काही म्हणता आलं तर मी नशीबवान.

थीसिसच्या आभाराच्या पानावर मॅडमच्या खाली मावशीचं नाव आहे. तिने ते नाव बोटाने दाखवायला लावलं. मग विचारलं, "आन् पाव्हण्याइचं?"

मॅडमना विचारून तीही एक ओळ टाकली.

गेल्या महिन्यापासून मावशीच्याच पायांना सूज होती. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी रोज घोट्याचं माप घेऊन लिहायला सांगितलेलं. मागच्या रविवारी मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची सूनबाई टेप घेऊन बसली होती आणि मावशी तिच्यावर करवादत होती.

"काल वर मोजलं, आज खाली मोजून राह्यली! आधी रेघ मार!"

माझ्या पर्समध्ये मार्कर होता. मी रेघ मारली. टेप गुंडाळला. दोन्ही पाय पुन्हा पुन्हा मोजले.

वाढलं होतं. चांगलंच वाढलं होतं.

माझा पेन वहीवर थांबला. मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मले नोको सांगू. पन लिवतानी जेवढं हाय तेवढंच लिव."

जेवढं होतं तेवढं लिहिलं. डॉक्टरांनी वही पाहून गोळी बदलली. सूज उतरली. तीन दिवस मावशीच्या पायात चपला गेल्या आणि ती कपाशीपर्यंत चालत जाऊन आली, असं सूनबाईने फोनवर सांगितलं. त्या तीन दिवसांचा मला थीसिसपेक्षा जास्त अभिमान आहे.

आज दुपारी तिला आंघोळ घालताना घोट्यावरची रेघ दिसली. सूनबाईने रोज गिरवून ठेवली होती, अगदी जागच्या जागी. बायका ती घासून काढायला लागल्या.

मी म्हटलं, "राहू द्या."

मी आता एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही. सही करताना हात थांबतो, तो मावशीमुळे.

मावशी, तुझ्या हाताला माझा नमस्कार. सुखाने जा.